साहेब वाचतील या भरवशावर

सॉफ्टवेअरच्या धंद्यात श्रद्धाळू माणसं बाहेरून वाटतात त्यापेक्षा पुष्कळ जास्त आहेत. देव, नवस, ग्रहदशा यांतलं काहीच न मानणारा प्रोग्रामरसुद्धा एका गोष्टीवर मात्र अढळ विश्वास ठेवून असतो: आपण पुरेशा सोप्या भाषेत लिहिलं, तर साहेब ते वाचतील. हा पंथ जुना आहे. १९५९ साली कोबोल या भाषेची आखणी सुरू झाली, तेव्हा तिची वाक्यं मुद्दाम इंग्रजी वळणाची ठेवली गेली. बेरजेचं चिन्ह पाहून हिशेबखात्याचे प्रमुख बिचकू नयेत, म्हणून ‘यात ते मिळवा आणि उत्तर तिकडे ठेवा’ असं शब्दांत लिहायची सोय झाली. पुढे जगभरच्या बँका कोबोलवर चालल्या, अनेक आजही चालतात. पण हिशेबखात्याचे प्रमुख जेवणानंतर आरामखुर्चीत पडून कोबोल वाचत आहेत, असं दृश्य काही कुठे रूढ झालं नाही. १९७४ साली आयबीएमच्या संशोधकांनी डेटाबेसला प्रश्न विचारण्यासाठी अशीच इंग्रजीसारखी भाषा मांडली, तीही प्रोग्रामर नसलेल्यांच्या सोयीसाठी. आज ती एसक्यूएल या नावाने सर्वत्र आहे आणि ती येते म्हणून प्रोग्रामरांना नोकऱ्या मिळतात. ज्यांच्यासाठी ती केली, ते अजूनही शेजारच्या टेबलापाशी जाऊन ‘जरा एवढा रिपोर्ट काढून दे ना’ म्हणतात.

या पंथाची आजची सर्वांत उत्साही शाखा म्हणजे वर्तनाधारित चाचणीची साधनं. ऑफिसात त्यांना ‘बीडीडी टूल्स’ म्हणतात आणि बायोडेटात ती सेलेनियम या ब्राउझर-चाचणीच्या साधनाशेजारी, स्वल्पविराम देऊन लिहितात. गंमत अशी की या शाखेचा उगम साहेबांच्या अडचणीतून झालेला नाही. तो झाला प्रोग्रामरांच्या अडचणीतून. २००३ च्या सुमारास डॅन नॉर्थ हे इंग्लंडमधले प्रोग्रामर इतरांना ‘आधी चाचणी लिहा, मग कोड’ ही पद्धत शिकवत होते. शिकणारे पुन्हा पुन्हा तेच विचारत: सुरुवात कुठून करू, काय तपासू, काय सोडू, चाचणीला नाव काय देऊ? नॉर्थ यांच्या लक्षात आलं की ‘मी चाचणी लिहितोय’ म्हटलं की माणूस कोडकडे बघत बसतो आणि ‘हे कसं वागायला हवं’ म्हटलं की वापरणाऱ्याकडे बघतो. म्हणून त्यांनी चाचणीऐवजी वर्तनाची भाषा धरली, जेबिहेव नावाचं जावातलं साधन केलं, आणि ख्रिस मॅट्स या बिझनेस अ‍ॅनालिस्टच्या साथीने एक साचा घडवला: अमुक परिस्थिती असताना, अमुक घडलं, तर अमुक व्हायला हवं. २००६ साली त्यांनी हा सगळा विचार एका लेखात मांडला. साचा तीन ओळींचा होता. एवढी लहान गोष्ट सॉफ्टवेअरवाल्यांच्या हाती सुखरूप राहणं शक्यच नव्हतं.

दोन वर्षांनी, २००८ साली, अस्लाक हेलेसॉय या नॉर्वेजियन प्रोग्रामरने रुबी भाषेत क्यूकंबर हे साधन काढलं आणि त्या तीन ओळी लिहायच्या बोलीला गर्किन असं नाव पडलं. म्हणजे साधन काकडी आणि त्याची भाषा लोणच्यातली छोटी काकडी. त्यानंतर नावं ठेवण्याचं खातं जणू मंडईकडेच गेलं. पायथनवाल्यांनी लेट्यूस आणि रॅडिश आणले, रुबीत स्पिनच आणि टर्निप आले. काही नावं या भाजीबाजाराबाहेरचीही आहेत: पीएचपीत बीहॅट, पायथनमध्ये बिहेव, डॉटनेटमध्ये स्पेकफ्लो. पण एकंदर यादी वाचली की एखाद्या पथ्याच्या माणसाचा आहारतक्ता हाती लागल्यासारखं वाटतं. एवढ्या पालेभाज्या एका वेळी दिसल्या की प्रकृती सुधारण्याची आशा वाटू लागते, आणि कंपन्यांनाही नेमकी तीच आशा वाटली. विक्रीचं वाक्य फार सुरेख होतं: ग्राहक, टेस्टर आणि डेव्हलपर तिघंही एकच फाइल वाचतील, तीच गरजेची नोंद, तीच चाचणी, तेच दस्तऐवज.

हे चालतं कसं, ते आपल्या एसटीच्या तिकिटावरून सांगता येईल. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षं पूर्ण केलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं तिकीट आहे. आणि मार्च २०२३ पासून महिलांना सरसकट अर्धं तिकीट आहे. समजा, तिकीट काढणाऱ्या प्रणालीची चाचणी लिहायची आहे. तर एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, जिला फीचर फाइल म्हणतात, असं लिहायचं: ‘प्रवाशाचे वय ७६ आहे. जेव्हा तो १०० रुपये भाड्याच्या प्रवासाचे तिकीट मागतो, मग त्याच्याकडून ० रुपये घेतले जातात.’ हे वाक्य यंत्राला अर्थातच कळत नाही. म्हणून प्रत्येक ओळीमागे प्रोग्रामर थोडा कोड लिहून ठेवतो. यंत्र ओळीचा साचा जुळवतं आणि तो कोड चालवतं. जमलं तर ओळ हिरवी होते, फसलं तर लाल. ओळीमागे कोडच सापडला नाही तर ती पिवळी होते, आणि साधन अत्यंत नम्रपणे ‘हा घ्या रिकामा साचा, यात भरा’ असं सुचवतं. एवढं सौजन्य सरकारी खिडकीवर मिळालं असतं, तर कुणी सॉफ्टवेअर मागितलंच नसतं.

वाचणाऱ्याला परकं वाटू नये, म्हणून या मंडळींनी केलेली धडपड तर थक्क करणारी आहे. गर्किन सत्तरहून अधिक बोलींत लिहिता येते. त्यात मराठी आहे: फाइलच्या डोक्यावर भाषेची खूण केली, की ‘वैशिष्ट्य’, ‘परिदृश्य’, ‘जेव्हा’, ‘मग’, ‘आणि’, ‘पण’ हे शब्द यंत्र ओळखतं. जुनी इंग्रजी आहे. स्टार ट्रेकमधल्या क्लिंगॉनांची भाषा आहे. समुद्री चाच्यांची इंग्रजी आहे. तिच्यात ‘अमुक घडलं’च्या जागी ‘ब्लायमी!’ लिहितात. इंटरनेटवरच्या मांजरांची बोबडी इंग्रजी आहे आणि नुसत्या इमोजींचीही बोली आहे. म्हणजे दर्यावर्दी लुटारू, परग्रहवासी आणि मांजर यांच्यापैकी कुणालाही उद्या एसटीची सवलत तपासावीशी वाटली, तरी भाषेची अडचण येणार नाही. ही यादी गमतीची आहे खरी, पण माझ्या मुद्द्याचा पहिला पुरावाही तीच आहे. साहेब वाचत नव्हते त्याचं कारण भाषा हे असतं, तर सत्तर भाषांनंतर एखादा तरी साहेब सापडायला हवा होता. अडचण भाषेची नव्हतीच. चाचणीची फाइल वाचणं हे साहेबांचं काम आहे असं साहेबांना कोणत्याही भाषेत वाटत नाही.

दुसरा पुरावा लिहिणाऱ्यांच्या वागण्यात आहे. वाचक येणार नाही हे लेखकाला सर्वांत आधी कळतं, आणि कळलं की त्याची शैली बदलते. क्यूकंबरच्या सुरुवातीच्या काळात, ‘रुबी ऑन रेल्स’ या वेबसाइट बांधायच्या चौकटीवर काम करणाऱ्यांच्या सोयीसाठी तयार ओळींचा एक संच साधनाबरोबरच मिळत असे: अमुक चौकटीत अमुक भरा, अमुक बटण दाबा, अमुक अक्षरं दिसली पाहिजेत. एक ओळ कोड न लिहिता चाचणी उभी राहू लागली, आणि बघता बघता फीचर फाइली ‘वय या चौकटीत ७६ भरले, आणि लिंग या यादीतून पुरुष निवडले, आणि पुढे या बटणावर क्लिक केले, आणि तीन सेकंद थांबले’ अशा ओळींनी भरून गेल्या. इतक्या ‘आणि’ लागोपाठ फक्त पोलिसांच्या जबाबात येतात. ७६ वर्षांच्या माणसाला एसटीत पैसे पडतात की नाही, हे त्या चाळीस ओळींतून शोधायला वाचक चिकाटीचा असावा लागतो. शेवटी २०११ साली करणाऱ्यांनीच तो तयार संच काढून टाकला. सोय इतकी झाली होती की मूळ उद्देशाचीच गैरसोय झाली. ज्या वाक्यांत ग्राहकाचं वर्तन यायचं, त्यांत माऊसचं वर्तन आलं होतं.

तिसरा पुरावा वाक्यांच्या स्वातंत्र्याविषयी आहे. साध्या भाषेत लिहा म्हणतात, पण साध्या भाषेचा जो खरा आनंद, म्हणजे एकच गोष्ट दहा तऱ्हांनी सांगण्याची मुभा, ती इथे शिल्लक नसते. ‘प्रवाशाचे वय ७० आहे’ ही ओळ हिरवी. ‘प्रवासी ७० वर्षांचा आहे’ ही पिवळी. ‘प्रवाशी’ असं लिहिलं तर शुद्धलेखनाच्या शिक्षकांच्याही आधी यंत्र अडवतं. तीन डेव्हलपर तीन तऱ्हांनी लिहितात, मग तीन ओळींमागे एकच काम करणारे तीन कोड बसतात, आणि चौथा डेव्हलपर नवा असल्यामुळे चौथी तऱ्हा काढतो. वर्षभरानंतर अशा प्रकल्पात ‘लॉगिन झाले आहे’ या साध्या घटनेची इतकी रूपं जमतात, की संस्कृतच्या धातुरूपावलीला घरचं वाटावं. नवख्याला सांगावं लागतं की हे मराठीसारखं किंवा इंग्रजीसारखं दिसत असलं, तरी मनाने वाक्य रचू नकोस. आधीची ओळ शोध आणि जशीच्या तशी उतरव. म्हणजे ती भाषा राहिलीच नाही. तो मंत्र झाला. आणि मंत्राचा अर्थ यजमानाने विचारायचा नसतो.

या सगळ्याला आपल्याकडे एकच चपखल उपमा आहे: हाउसिंग सोसायटीच्या सभेतला ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा विषय क्रमांक एक. इतिवृत्त स्वच्छ भाषेत लिहिलेलं असतं, सर्वांसाठी असतं, सर्वांना उपलब्ध असतं आणि सर्वानुमते कायम होतं. ते वाचल्याचा आरोप मात्र कुणावरही करता येत नाही. पण इथेच नीट थांबून बघायला हवं. इतिवृत्त कुणी वाचत नाही म्हणून सभा व्यर्थ होती असं कुणी म्हणत नाही. पाण्याच्या टाकीवरून जे काही बोलणं झालं, ते झालंच. गळती कुठल्या मजल्यावरून आहे हे त्या बोलण्यात उघड झालं. कागद हा त्या भांडणाचा उरलेला पुरावा. माझं म्हणणं एवढंच आहे की वर्तनाधारित चाचणीची किंमत आपण कागदावर मोजतो आणि ती असते भांडणात. साधी भाषा वाचणाऱ्यासाठी आहे हा समजच चुकीचा आहे. ती लिहिणाऱ्यांसाठी आहे. त्यांना लिहिता लिहिता अडवण्यासाठी.

हे सिद्ध करायला पुन्हा एसटीतच बसू. सवलतीचे तीन नियम वर एका दमात सांगितले आणि ते वाचताना कुणाला काही खटकलं नसेल. नियम ऐकताना माणूस मान डोलावतो. नियमाची रचनाच मान डोलावण्यासाठी केलेली असते. आता फीचर फाइल उघडा आणि ‘प्रवासी ७० वर्षांची महिला आहे, भाडे १०० रुपये आहे, मग तिच्याकडून’ इथपर्यंत लिहा. पुढे आकडा हवा. ज्येष्ठ म्हणून अर्धं आणि महिला म्हणून त्याचं अर्धं, म्हणजे २५? की कुठली तरी एकच सवलत, म्हणजे ५०? भाडं ७५ असेल तर अर्धं साडेसदतीस. ते वरचे पन्नास पैसे कुणाचे, महामंडळाचे की आजींचे? आजोबांनी आरक्षण केलं तेव्हा ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते आणि प्रवासाच्या आदल्या दिवशी पंचाहत्तरी झाली. तिकीट अर्धं की मोफत? गाडी पणजीची असेल तर सवलत कुठपर्यंत? यातला एकही प्रश्न तांत्रिक नाही. एकाचंही उत्तर प्रोग्रामरने द्यायचं नाही. पण फाइल लिहिली नसती तर त्यानेच दिलं असतं, रात्री साडेअकराला, कुणालाही न विचारता, आणि ते उत्तर पहिल्यांदा उजेडात आलं असतं ते कंडक्टर आणि आजी यांच्या समोरासमोर. त्या संवादाला कुठलंच साधन पुरं पडत नाही.

साधनाच्या जनकांनाही हेच म्हणायचं होतं, याचा पुरावा त्यांच्याच तक्रारीत आहे. २०१२ साली रुबी ऑन रेल्सचे जनक डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी टोमणा मारला की प्रोग्रामर नसलेली माणसं जिथे चाचण्या लिहितात अशा एखाद्या जादूच्या राज्यात राहत असाल, तरच क्यूकंबरच्या वाटेला जा. दोन वर्षांनी खुद्द हेलेसॉय यांनी लेख लिहून सांगितलं की हे साधन लोकांना कळलेलंच नाही. ते सहकार्यासाठी आहे आणि लोक त्याला चाचणीचं साधन समजतात. टीकाकार म्हणतो, माणसं एकत्र येत नाहीत म्हणून साधन निरुपयोगी. निर्माता म्हणतो, माणसं एकत्र यावीत म्हणून साधन. दोघांचं निदान एक आहे, फक्त औषधाच्या बाटलीवरून वाद आहे. निर्मात्यांपैकी मॅट विन यांनी पुढे जी पद्धत रूढ केली ती तर फार बोलकी आहे. तिच्यात संगणकच नाही. टेबलावर चार रंगांची कार्डं मांडायची: पिवळ्यावर गोष्ट, निळ्यावर नियम, हिरव्यावर उदाहरणं आणि लालवर उत्तर नसलेले प्रश्न. अर्ध्या तासाच्या आत उठायचं. लाल कार्डं फार झाली तर समजायचं की काम सुरू करायची वेळ अजून आलेली नाही. जगभर डाउनलोड झालेल्या साधनाच्या कर्त्यांपैकी एकाने शेवटी कार्डं आणि स्केचपेन हाती द्यावं, यातच सर्व आलं.

यावर पहिला आक्षेप असा, की मग नुसतं बोलाच, काकडी कशाला? चहा घेऊन अर्धा तास बसा आणि पन्नास पैशांचा निकाल लावा. आक्षेप आकर्षक आहे, कारण त्यात चहा आहे. पण माणसांच्या बोलण्याचा एक गुणधर्म असा की ते फार लवकर जुळतं. ‘वयाप्रमाणे योग्य ती सवलत लागू होईल’ असं कुणीतरी म्हणतं, सगळे ‘बरोबर’ म्हणतात, आणि प्रत्येकाच्या डोक्यात ‘योग्य’ म्हणजे वेगळा आकडा असतो. यंत्राला मान डोलावता येत नाही, ही त्याची मोठी थोरवी. ‘मग’ लिहिल्यावर पुढे तपासता येईल असं काहीतरी लागतं. तिथे ‘योग्य ती कार्यवाही होते’ असं लिहिलं तर त्यामागचा कोड लिहिताना कुणाला तरी उठून विचारावंच लागतं: कार्यवाही म्हणजे किती रुपये? शिवाय बोलणं हवेत विरतं आणि सहा महिन्यांनी नियम बदलतो. तेव्हा लाल झालेली ओळ सांगते की आपण तेव्हा दुसरं काहीतरी ठरवलं होतं. साधन संभाषण घडवत नाही हे खरं. पण संभाषण अर्धवट सोडून उठू देत नाही, हे काम ते चोख करतं.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे: काही ठिकाणी साहेब खरोखर वाचतात. मान्य आहे. विम्याचे दावे, कराचे नियम, औषधांच्या मात्रा अशा क्षेत्रांत विषयाचा जाणकार समोर बसून उदाहरणांचा तक्ता तपासतो आणि ‘ही ओळ चुकली’ असं सांगतो. पण त्या वाचकाची नीट चौकशी केली तर बहुधा असं आढळतं, की तक्ता लिहिला जात असताना तो त्याच खोलीत होता. माणूस दुसऱ्याचं लेखन क्वचितच वाचतो. स्वतःचं वाक्य नीट उतरलं आहे की नाही हे मात्र अत्यंत बारकाईने बघतो. म्हणजे हा अपवाद माझ्या मुद्द्याला धक्का देत नाही, उलट हातभार लावतो. वाचक हवा असेल तर त्याला आधी लेखक करावं लागतं. त्याला ईमेलने जोडून पाठवलेली फाइल आणि त्याच्या तोंडून निघालेलं वाक्य, या दोहोंतला फरक व्याकरणाचा नाही, अहंकाराचा आहे. आणि अहंकाराचा उपयोग करून घेणारी पद्धत मला नेहमीच शास्त्रशुद्ध वाटते.

तिसरा आक्षेप खर्चाचा. एकाऐवजी दोन थर सांभाळायचे: वाक्यांचा आणि त्यामागच्या कोडचा. त्यात या चाचण्या ब्राउझर उघडून चालवल्या तर इतक्या संथ होतात, की सकाळी सुरू केलेलं बिल्ड दुपारच्या जेवणानंतर सांगतं की पहिलीच ओळ लाल होती. हा आक्षेप पूर्ण खरा आहे आणि त्याला उत्तर असं की सगळंच काकडीत घालू नये. भागाकाराचं फंक्शन बरोबर चालतं का, पिन कोड सहा अंकी आहे का, यांवर दोन शहाण्या माणसांत मतभेद संभवत नाही. तिथे साधी छोटी चाचणी कोडमध्येच लिहावी आणि गप्प बसावं. वाक्य तिथे खर्च करावं, जिथे दोन माणसं दोन उत्तरं देण्याची शक्यता आहे. या कसोटीने बहुतेक प्रकल्पांतल्या फीचर फाइली निम्म्याहून कमी होतील आणि उरलेल्या प्रत्येक ओळीमागे एखादा खराखुरा वाद असेल. पण ‘आमच्याकडे दोन हजार परिदृश्यं आहेत’ हे वाक्य बैठकीत जितकं भारदस्त वाटतं, तितकं ‘आमची साठ वेळा भांडणं झाली’ हे वाटत नाही, म्हणून ही कसोटी अजून कुणी स्लाइडवर घातलेली नाही. कंपन्याही साधनं विकत घेऊ शकतात, भांडणं नाही. २०१९ साली क्यूकंबरची कंपनी स्मार्टबेअरने घेतली. त्यानंतर ट्रायसेंटिसने स्पेकफ्लो घेतलं, २०२४ अखेर ते बंद झालं, आणि त्याचे मूळ कर्ते गास्पार नॉज यांना रेकनरोल या नावाने पुन्हा नवा संसार मांडावा लागला. साधनांची मालकी अशी बदलत असते. पन्नास पैशांचा प्रश्न मात्र ज्याच्या त्याच्याकडे राहतो.

शेवटचा आक्षेप ताजा आहे: आता हे सगळं कृत्रिम बुद्धिमत्ता लिहून देते. खरंच देते. तीन नियम टाकले की क्षणात चाळीस परिदृश्यं येतात, व्याकरण निर्दोष, समास नीट, ‘प्रवासी’ दीर्घ. आजवर साहेबांना वाचायचं नव्हतं आणि डेव्हलपरला लिहायचं नव्हतं. दोघांचीही सोय झाली. पण नेमकं काय वाचलं ते बघा. यंत्र ७० वर्षांच्या महिलेपाशी येतं, तेव्हा ते अडत नाही. ते ५० लिहितं किंवा २५ लिहितं, आणि दोन्ही वेळा सारख्याच आत्मविश्वासाने लिहितं. मग तेच यंत्र त्या आकड्याला अनुसरून कोड लिहितं आणि चाचणी हिरवी होते. चाळीसच्या चाळीस ओळी हिरव्या. धोरण ठरलं, पण ते कुणीच ठरवलं नाही. ज्या जागी माणसाची लेखणी थबकायची, ती जागाच गुळगुळीत झाली. आणि या पद्धतीचा सगळा नफा त्या थबकण्यात होता. म्हणून यंत्राकडून घ्यायचंच असेल तर उत्तरं घेऊ नयेत, लाल कार्डं घ्यावीत: या नियमांतून कुठले प्रश्न सुटत नाहीत, एवढंच त्याला विचारावं. ते काम त्याला चांगलं जमतं, आणि त्याचं उत्तर माणसालाच द्यावं लागतं.

तेव्हा या साधनांविषयी निराश होण्याचं कारण नाही. फक्त अपेक्षा बदलायला हवी. किती जणांनी फाइल वाचली हे मोजणं सोडावं. ती लिहिताना कितीदा कुणाला तरी विचारायला उठावं लागलं, ते मोजावं. एकदाही उठावं लागलं नसेल, तर ती फाइल टेस्टच्या फोल्डरात असली तरी टेस्ट नव्हे, सुलेखन आहे. आणि साहेबांना फाइल पाठवूच नये. ‘सोबत जोडलेले परिदृश्य पाहून अभिप्राय कळवावा’ या मजकुराला फार तर अंगठा वर केलेलं चित्र येतं. त्याऐवजी एका ओळीचा निरोप धाडावा: ७० वर्षांच्या आजींकडून २५ घ्यायचे की ५०, आज संध्याकाळपर्यंत कळवा, नाहीतर २५ घेतोय. उत्तर चार मिनिटांत येतं, आणि तेही मीटिंग चालू असताना.